ज्याचं जळतं त्याला

आमच्या विहिरीपासून वरच्या पट्टीपर्यंत दोन हजार फूट पाइपलाइन आहे. सगळी जमिनीत गाडलेली. एका उन्हाळ्यात वर पाणी कमी यायला लागलं. मोटार काढून बघितली, मोटार चांगली. वरच्या टोकाचा कॉक बघितला, तोही चांगला. दोन्ही टोकं चांगली, तरी पाणी कमीच. माझे थोरले भाऊ, आण्णा, रोज पहाटे त्या लाइनीवरनं अनवाणी चालायचे. आठव्या दिवशी एका जागी त्यांच्या पायाला गार लागलं. उकरलं तर पाइपाला बारीक चीर. वर ओल दिसत नव्हती. आमच्या मंगळवेढ्याकडची काळी माती, कितीही पाणी असू दे, पिऊन टाकते.

पुढं आण्णांच्या पोटात असंच झालं. ते सापडायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत मी डॉक्टर लोकांवर फार राग धरला. आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत मी स्वतः जे केलं, त्यामुळं तो राग धरायचा हक्क मला राहिला नाही. हे लिहायला बसलो ते त्यासाठी.

२०१२-१३ चा दुष्काळ. जनावरं चारा छावणीत होती आणि आण्णा तिथंच मुक्कामाला. एक दिवस उसाची मोळी उचलताना चक्कर येऊन पडले. सगळे म्हणाले, ऊन लागलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. बाप्या माणसाचं तेरा-चौदा असावं लागतं. दोन पिशव्या रक्त चढवलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, आण्णा उठून कामाला लागले. सहा-सात महिन्यांनी परत तेच. परत रक्त, परत गोळ्या.

आण्णांनी एकदा विचारलं होतं, "परसाकडला डांबरावानी काळं हुतंय, ते कशापायी?" उत्तर मिळालं, लोहाच्या गोळीनं होतं. ते खोटं नव्हतं. लोहाच्या गोळीनं शी काळी होतेच. पण आतड्यात वरच्या अंगाला रक्त झिरपत असलं तरी ती काळीच होते. गोळीच्या काळ्याखाली रक्ताचं काळं झाकून गेलं.

तोंडातनं दुर्बीण घातली, जठराला थोडी सूज निघाली. तिखट बंद. पुढच्या वर्षी खालनं दुर्बीण घातली, थोडी मूळव्याध निघाली. त्याचं औषध. एकानं जंत सांगितले, एकानं वयाचा अशक्तपणा. प्रत्येक जण काही ना काही नाव द्यायचा आणि आम्ही ते नाव घेऊन समाधानानं एसटीत बसायचो. आजाराला नाव मिळालं की माणसाला निम्मा बरा झाल्यासारखं वाटतं.

२०१६ च्या दिवाळीनंतर कुणीतरी सोलापुरातल्या एका सर्जनचं नाव सांगितलं. माझ्या पोरापेक्षाही वयानं लहान. त्यानं चार वर्षांची सगळी कागदं टेबलावर तारखेनं लावली, सगळी वाचली आणि म्हणाला, "काका, रक्त कुठून जातंय ते मला माहीत नाही."

मला संताप आला. एवढ्या लांबनं यायचं, रांगेत बसायचं आणि हे ऐकायचं? पण तो पुढं बोलत होता. "वरची दुर्बीण जठराच्या जरा पुढं जाते. खालची दुर्बीण मोठं आतडं संपेपर्यंत जाते. मधे लहान आतडं. वीस फूट. तिथं यातली कुठलीच पोचत नाही. दोन्ही टोकं तपासून झालीत, म्हणजे गळती मधे असणार."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "आपली पाइपलाइन रं."

डॉक्टरनं सांगितलं, की तेवढ्यासाठी आता कॅमेऱ्याची गोळी मिळते. २००१ साली ती वापरात आली. गिळायची, आणि ती आठेक तास पोटातनं जाता जाता हजारो फोटो काढते. पण आत वाट अरुंद झाली असेल तर गोळीच अडकायची, म्हणून आधी सीटी स्कॅन. शिरेतनं औषध देऊन सीटी काढला आणि त्यातच दिसलं. लहान आतड्याच्या वरच्या भागात मोसंबीएवढी गाठ. ती आतड्याच्या भिंतीतनं बाहेरच्या अंगाला वाढली होती, म्हणून अन्नाची वाट बंद झाली नव्हती आणि पोट कधी फार दुखलं नव्हतं. आतल्या अंगाला तेवढी बारीक जखम होऊन थेंब थेंब रक्त जात होतं.

शरीरातलं सगळ्यात लांब आतडं हे, तरी कर्करोग तिथं फार क्वचित होतो. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतचे सगळे कर्करोग मोजले, तर लहान आतड्याच्या वाट्याला शंभरात तीन ते पाच येतात. म्हणून तो चटकन डोक्यात येत नाही. मी मागनं यावर पुष्कळ विचार केला. रक्त कमी असलेला माणूस समोर आला तर डॉक्टरच्या मनात मूळव्याध, अल्सर, जंत, खाण्यातली कमतरता हेच आधी येणार. नेहमीच्या आजाराचं औषध नेहमीसारख्या दिसणाऱ्या माणसाला दिलं, यात गुन्हा नाही. आपणही पान पिवळं पडलं की आधी युरियाच टाकतो. पण चार वेळा औषध लागू पडलं नाही तरी तेच नाव धरून बसायचं, ही मात्र चूक. 'मला माहीत नाही' एवढं म्हणायला कुणी तयार नव्हतं, आणि खरं म्हणजे आम्हीही ते ऐकायला तयार नव्हतो. पहिल्याच वर्षी कुणी तसं म्हणाला असता तर मी त्याच्या दवाखान्याची पायरी परत चढलो नसतो.

शिकलेल्या लोकांचंही असंच होतं, हे पुढं वाचताना कळलं. १९०७ साली जर्मनीत म्युनिकच्या ओबर्नडॉर्फर नावाच्या डॉक्टरनं लहान आतड्यातल्या एका जातीच्या गाठींना 'कार्सिनॉइड' असं नाव दिलं. अर्थ असा, की दिसायला कर्करोगासारख्या, पण तेवढ्या वाईट नव्हेत. बावीस वर्षांनी, १९२९ साली, त्यानंच लिहिलं की या गाठी पसरूही शकतात. स्वतः दिलेल्या नावाला स्वतःच दुरुस्ती केली. आण्णांची गाठ त्या जातीची नव्हती. तिला 'जिस्ट' म्हणतात. आतडं आपोआप हलत राहतं, त्या हालचालीचा ताल धरणाऱ्या काही पेशी आतड्याच्या भिंतीत असतात. ही गाठ त्यांच्या जातीची. पण कित्येक वर्षं तिला जगभर स्नायूची गाठ समजत होते. १९९८ साली जपानात ओसाकाच्या हिरोता आणि त्यांच्या सोबत्यांनी तिच्यातला खरा बिघाड दाखवला, तेव्हा तिचं नाव पक्कं झालं, आणि त्यामुळंच तिच्यावरचं औषध सापडलं. चुकीच्या नावावर बरोबर औषध सापडत नाही.

डिसेंबरात ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी डॉक्टरनं मला समजावून सांगितलं होतं. पोट उघडल्यावर सगळं लहान आतडं दोरीसारखं हातातनं वितीवितीनं सरकवत बघायचं, आणखी कुठं काही आहे का ते. यकृतावर हात फिरवायचा. मग गाठीच्या दोन्ही अंगांचं थोडं थोडं चांगलं आतडं घेऊन तेवढा तुकडा कापायचा आणि दोन टोकं जोडायची. सगळ्यात मोठं भय गाठ फुटण्याचं. या गाठी मऊ असतात. फुटली तर पोटभर बी सांडतं. गाजरगवत फुलावर आलेलं कसं अलगद उपटून बांधाबाहेर न्यावं लागतं, तसं. गाठ न फुटता निघाली. अडीच तास लागले. आठव्या-नवव्या दिवशी आण्णा घरी आले आणि महिन्याभरात त्यांच्या तोंडावर चार वर्षांत न दिसलेला तजेला आला.

मग तपासणीचा रिपोर्ट आला. गाठ मोठी होती, तिच्यातल्या पेशी वेगानं वाढणाऱ्या होत्या. परत येण्याचा धोका जास्त, म्हणून इमॅटिनिब नावाची गोळी रोज एक, जेवणावर, तीन वर्षं घ्यायची. ही गोळी परवडली त्याला मोठं कारण आहे. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिस कंपनीचं या औषधाच्या पेटंटचं म्हणणं फेटाळलं. कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची, आपल्याकडच्या कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळायची. न्यायालयानं उलट सांगितलं असतं तर जमीन विकावी लागली असती, किंवा गोळी सोडावी लागली असती.

डॉक्टर म्हणाला, "मी त्यांना सगळं सांगतो." पुतण्यानं हात जोडले. "साहेब, कॅन्सर म्हटलं तर ते ऐकूनच खचतील." मी घरातला जाणता. मी म्हणालो, "पोरगं बरोबर बोलतंय." डॉक्टर गप्प बसला.

आम्ही आण्णांना सांगितलं, साधी गाठ होती, निघाली. आणि ही गोळी रक्त वाढायची.

आमची आक्का बार्शी तालुक्यात दिलेली. ती भेटायला आली तेव्हा तिला तेवढं खरं सांगितलं. ती म्हणाली, "आरं, आमच्याकडं तर लोकं दारात येऊन इचारत्यात." बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाकडनं १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं त्यात धरली होती. खेड्यातली माणसं आपण होऊन दवाखान्यात येत नाहीत, म्हणून ही माणसं गावोगाव हिंडायची, बायाबापड्यांत बसून अंगावर काय दिसलं तर लपवू नका ते सांगायची. आक्काच्या जावेला अशानंच लवकर कळलं आणि ती वाचली. आक्का म्हणाली, "तिला सांगितलं म्हणून ती गेली दवाखान्यात. आण्णाला सांगा." मी म्हणालो, "आक्के, तिची गोष्ट येगळी. आण्णाची गाठ तर काढून टाकलीय. आता सांगून काय करायचं?" मला हे उत्तर तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मार्च २०१८ मध्ये इरफान खाननं आपल्याला न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर आहे असं जाहीर सांगितलं. टीव्हीवर बातमी लागली होती, आण्णा आणि मी जेवत होतो. आण्णा म्हणाले, "बग, एवढा मोठा माणूस, पर सांगून टाकलं." मग पोटावर हात फिरवून म्हणाले, "आपलं नशीब. आपली साधी गाठ हुती." माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. पुतण्यानं चॅनेल बदललं.

आण्णांना त्या गोळीनं सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजायच्या, पोटरीत गोळे यायचे, मळमळायचं. रक्त तपासलं की हिमोग्लोबिन बारा, साडेबारा. साधा हिशोब होता. रक्त वाढायची गोळी, रक्त तर वाढलंय, मग हा त्रास कशाला? वर पोराचा पैसा जातोय. त्यांनी गोळी बंद केली. आम्ही ओरडू म्हणून कुणाला सांगितलं नाही. रोज एक गोळी पाकिटातनं काढायचे आणि पत्र्याच्या पेटीत धोतराच्या घडीत ठेवायचे. औषध टाकून द्यायलाही त्यांचा जीव होत नव्हता.

२०१९ मध्ये सीटीत यकृतावर दोन ठिपके दिसले. डॉक्टरनं विचारलं, "आजोबा, गोळ्या नियमित घेता ना?" आण्णा खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "वरीस झालं, बंद केल्यात. रक्त चांगलं हाय की."

डॉक्टरनं आमच्याकडं बघितलं आणि आम्ही जमिनीकडं. मग तो म्हणाला, "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चूक माझीही आहे." खुर्ची आण्णांजवळ ओढून त्यानं सगळं सांगितलं. गाठ कसली, गोळी कसली, आता काय झालंय, पुढं काय करता येईल. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. आण्णांनी तीन-चार प्रश्न विचारले, सगळे मुद्द्याचे. त्यांना भोवळ आली नाही. ते खचलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "बरं."

एसटीत ते खिडकीशी बसले होते. कामती मागं पडल्यावर म्हणाले, "चार वरसं तू डाक्टरास्नी शिव्या देत हुतास. त्यास्नी ठावं नव्हतं, म्हणून त्यांनी खोटं नाव सांगितलं. तुला तर ठावं हुतं."

याला मी काय बोलणार? ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. आम्ही असं करून ठेवलं होतं, की घरात सगळ्यांना कळत होतं आणि ज्याचं जळत होतं तोच तेवढा अंधारात.

चार दिवसांनी आण्णांनी मला बांधावर नेलं. शेजारच्या तात्याचा आणि आमचा तो बांध. म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळानंतर मी ह्यो बांध कोरलाय. दोन तास आत घेतलेत. तात्याला ठावं हुतं, पर तो भांडला न्हाय. मरायच्या आदी त्याला परत द्यायचं मनात हुतं. वाटलं, अजून हायेत की दहा-पंधरा वरसं." तात्या आदल्याच दिवाळीत वारला होता. गाठ कसली होती ते आण्णांना २०१७ साली कळलं असतं तर तात्या हयात होता. आण्णांनी बांध मागं घेतला, तात्याच्या पोराला बोलावून सांगितलं. पण पोरगं म्हणालं, "मला ह्यातलं कायच ठाव न्हाय, आण्णा." ज्याच्यापुढं कबूल करायचं होतं तो माणूसच नव्हता.

दुसरं मला आजही झोपू देत नाही. मी डॉक्टरला एकदा एकट्याला गाठून विचारलं, गोळी बंद पडली नसती तर हे परत आलं नसतं का? तो म्हणाला, "सांगता येत नाही. गोळीनं धोका कमी होतो, संपत नाही. चालू असती तरी कदाचित आलं असतं." म्हणजे २०१६ साली ज्या उत्तरानं मला संताप आला होता, तेच उत्तर माझ्या पदरात पडलं. त्या वेळी त्यानं खोटा धीर दिला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्यानं दिला नाही, आणि म्हणूनच मी त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवू शकतो.

दुसरी बाजू मी विसरलेलो नाही. सगळ्यांनाच सगळं कळायला हवं असतं असं नाही. आमच्याच भावकीतल्या एका म्हातारीनं डॉक्टरला स्वतः सांगितलं होतं, "बाबा, काय असंल ते माझ्या ल्येकाला सांग, मला नगं." तिचं ते म्हणणं मानलं, ते योग्यच केलं. पण तिनं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. आण्णांना आम्ही विचारलंच नव्हतं. 'तुम्हाला कितपत ऐकायचंय?' एवढा एक प्रश्न पुरे होता. तो विचारायचं धाडस नव्हतं, आणि त्या भित्रेपणाला आम्ही माया म्हणत होतो. आण्णा खचतील ही भीती खरी नव्हती. सांगताना आपल्याला त्यांच्या डोळ्यात बघावं लागेल, ही खरी भीती होती.

आण्णांनी गोळी परत सुरू केली. पापण्या सुजायच्या, पोटरीत गोळे यायचे, पण एक दिवस चुकवली नाही. आता त्यांना माहीत होतं की आपण कशासाठी सोसतोय. ठिपके पुष्कळ दिवस वाढले नाहीत. जमिनीची वाटणी त्यांनी हयातीत करून दिली. आक्काच्या घरी आठ दिवस जाऊन राहिले. २०२२ च्या पावसाळ्यात, ज्वारीच्या रानाच्या पाळ्या चालू असताना, ते घरातच गेले. शेवटच्या महिन्यात काय काय होईल ते त्यांनी डॉक्टरला आधीच विचारून ठेवलं होतं, त्यामुळं घाबरलो ते आम्ही, ते नाही.

गेल्या वर्षी मी पोराला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं, उद्या माझ्या पोटात काही निघालं तर आधी मला सांगायचं. सून म्हणाली, "मामा, असलं अभद्र बोलू नका." मी तेच कागदावर लिहून, सही करून आण्णांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलंय. त्या गोळ्याही अजून तिथंच आहेत, धोतराच्या घडीत. टाकून द्यायला माझाही जीव होत नाही.